आधी शेपटी

हत्ती गेला आणि शेपूट राहिलं, असं लोकांकडे होतं. कॅप्टनच्या घरी शेपटी आधी आली. हत्ती मागाहून यायचा होता, आणि तो यायचा की नाही हे शेपटी कशी वागते त्यावर ठरणार होतं.

'कॅप्टन' हे त्यांचं नाव नव्हे. हुद्दा तर नव्हेच नव्हे. हुद्द्याने ते वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दुकानदाराचा तराजू कुणाच्या बाजूने झुकतोय, वजनाच्या बुडाला कोणी भोक पाडलंय का, कापडवाल्याची मीटरपट्टी आखूड आहे का, हे बघायचं आणि शिक्का मारायचा. नाहीतर शिक्का न मारता, चष्म्यावरून बघत, "नापास" म्हणायचं. हा शब्द ते फार हळू म्हणत. ओरडून नापास करणाऱ्याचं लोक मनावर घेत नाहीत, असा त्यांचा सिद्धांत होता. तर असे हे सरळमार्गी गृहस्थ. पण ज्या सकाळी टेम्पोतून ते लांबलचक खोकं उतरलं आणि सगळी गल्ली आपापल्या फाटकात येऊन उभी राहिली, त्या सकाळी त्यांनी खरं बोलायची घोडचूक केली.

"काय, कपाट का?" भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या शेजाऱ्यांनी विचारलं.

"विमान."

गल्लीत इतकी शांतता पसरली की टेम्पोवाल्याने इंजिन बंद केलं.

"कोणाचं?"

"माझं. म्हणजे... सध्या शेपटीच आलीय."

झालं. त्या क्षणापासून ते कॅप्टन झाले, त्यांची बायको कॅप्टीणबाई झाली, आणि कोपऱ्यावरचा इस्त्रीवालासुद्धा शर्ट देताना "आज वारा कसा काय आहे?" विचारायला लागला.

सुटे भाग घरी आणून आपल्या हातांनी जोडायचं, दोन माणसं बसतील एवढं विमान मिळतं, ही गोष्ट कॅप्टनना कशी कळली ते विचारू नका. माणसाला अशा गोष्टी कळतातच. कंपनी मात्र धोरणी होती. आधी शेपटी पाठवायची. ती जमली तर पंख, पंख जमले तर धड, धड जमलं तर इंजिन. म्हणजे गिऱ्हाईक वेडं आहे की निव्वळ हौशी, हे शेपटीतच समजतं.

"कुठे ठेवणार हे?" कॅप्टीणबाईंनी विचारलं.

"लेकीच्या खोलीत."

"आणि ती सुट्टीला आली की?"

"तोवर उडून जाईल."

कॅप्टीणबाई हसल्या नाहीत. नवऱ्याच्या विनोदांना लगेच हसलं की ते सोकावतात, हे त्यांना लग्नानंतर लवकरच कळलेलं होतं. त्यांनी हात पुसले आणि अट घातली. "शेपटी तपासायला कोणीतरी येणार म्हणालात ना? येऊ दे. पास झाली तर पंख मागवा, मी हूं की चूं करणार नाही. नापास झाली तर हे खोकं जसं आलं तसं परत जाईल, आणि या घरात पुन्हा आकाशाचं नाव निघणार नाही. कबूल?"

"कबूल," कॅप्टन म्हणाले. मग जरा वेळाने, भांडी विसळताना (भांडी विसळण्याचं काम त्यांचं होतं, कारण दुसऱ्या कुणाच्या विसळण्यावर त्यांचा भरवसा नव्हता), नळाकडे बघत म्हणाले, "अगं, एवढी वर्षं मी दुसऱ्यांच्या वस्तूंवर शिक्के मारतोय. एकदा तरी असं व्हावं, की वस्तू मी केलेली असावी आणि शिक्का दुसऱ्याने मारावा."

 दुसऱ्या दिवशी लेकीच्या खोलीतला पलंग कॅप्टीणबाईंनी स्वतःच भिंतीकडे सरकवला.

खोकं उघडलं तेव्हा आतला थाट बघून दोघंही हरखले. ॲल्युमिनियमचे पत्रे, लांब कणा, त्याला आडव्या लागायच्या फासळ्या, बिजागऱ्यांचे कंस, आणि प्रत्येक तुकड्यावर दोन्ही बाजूंनी फिक्या निळ्या प्लास्टिकची पातळ झिल्ली. अगदी अंगासरशी, सुरकुती म्हणून नाही. कॅप्टीणबाईंनी तिच्यावरून बोट फिरवलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर या प्रकरणात पहिल्यांदाच समाधान दिसलं.

"किती नीट गुंडाळून पाठवलंय! अहो, हे काढू नका हं आत्ताच. ओरखडे पडतील. सगळं झालं की शेवटी काढू."

"काढायला मी काय वेडा आहे?" कॅप्टन म्हणाले.

इथे त्या घराविषयी थोडं सांगायला हवं. या घरात नवी वस्तू आली की ती नवीच राहायची. सोफा घेऊन जमाना झाला होता, पण त्याचं प्लास्टिक निघालेलं नव्हतं. पाहुणा बसला की आधी सोफा बोलायचा आणि मग पाहुणा हळूहळू पुढे घसरायचा. रिमोट पिशवीत होता आणि पिशवीला रबर होतं. फ्रिजच्या दारावर दुकानातली झिल्ली आणि तिच्यावर चांदणीचं स्टिकर होतं. भिंतीवरच्या घड्याळाच्या काचेवरचा पापुद्राही तसाच असल्यामुळे या घरातली वेळ नेहमी जरा धूसर असायची. चांगल्या कपांचा सेट काचेच्या कपाटात, आपल्या खोक्यासकट, लोकांनी बघावा म्हणून ठेवलेला होता. कंजूषपणा म्हणाल तर तसं नव्हे. वस्तू एकदा वापरायला काढली की ती संपायला लागते, आणि आपण तिला तसं होऊ देता कामा नये, अशी ती माया होती.

शिवाय माहितीपुस्तकाचं पहिलं प्रकरण होतं 'सुरुवात करण्यापूर्वी'. कॅप्टननी ते सोडून दिलं, कारण सुरुवात तर झालीच होती.

विमान म्हणजे मुख्यतः भोकं. हे ज्ञान कॅप्टनना पहिल्याच आठवड्यात झालं. प्रत्येक भोकाची कड धारदार असते, ती कानशीने हलकेच मारायची. मग पत्र्याची कड मारायची. मग तीच कड बोटाने तपासायची आणि बोटाला पट्टी बांधायची. कॅप्टन ऑफिसात जाताना एवढ्या पट्ट्या बांधून जात, की एका किराणावाल्याने न सांगता आपलं खोटं वजन स्वतःहून काढून समोर ठेवलं. त्याला वाटलं, साहेब हल्ली कुठे कुठे मारामारी करून येतायत. घरात ॲल्युमिनियमचा कीस कुठेही चमकू लागला: गालिच्यात, कंगव्यात, एकदा साखरेच्या डब्यात. कॅप्टीणबाईंनी साखर गाळली आणि गाळलेला कीस नवऱ्याच्या ताटलीशेजारी ठेवला. "तुमचं विमान," एवढंच म्हणाल्या.

मग फासळ्या कण्याला लावायची वेळ आली आणि एक चमत्कार उघडकीस आला. प्रत्येक जोड घट्ट बसत होता. नुसता घट्ट नव्हे, आडमुठा. कॅप्टननी मायक्रोमीटर काढला, पत्र्याची जाडी मोजली, पुन्हा मोजली, चष्मा पुसून पुन्हा मोजली. दरेक पत्रा लिहिलेल्या मापापेक्षा केसभर जाड होता. कॅप्टन स्टुलावर बसले. कमी माप देणारे व्यापारी त्यांनी पोत्याने पाहिले होते. जास्त माप देणारा आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता. त्यांनी गहिवरून कंपनीला फोन लावला.

"तुमचे पत्रे केसभर जास्त आहेत," ते म्हणाले.

पलीकडची मुलगी गोंधळली. "सर, ही तक्रार आहे का?"

"तक्रार नाही, कौतुक आहे. फक्त तुमच्या लक्षात आणून दिलं."

"सर, आमचं माप बरोबरच असतं."

"सगळे दुकानदार हेच म्हणतात," कॅप्टन प्रेमाने म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

घट्ट जोडांवर उपाय सांगायला शेजारी हजर होतेच. त्यांना गल्लीत 'अनुभवी' म्हणत, कारण त्यांचं प्रत्येक वाक्य "माझा अनुभव सांगतो" असं सुरू व्हायचं. त्यांना विमानाचा अनुभव नव्हता, पण मागे एकदा त्यांनी पत्र्याची पाण्याची टाकी बसवून घेतली होती, आणि ती वाऱ्याने उडाली होती, तेव्हा उड्डाणाशी त्यांचा अगदीच संबंध नव्हता असं नाही.

"माझा अनुभव सांगतो, कॅप्टन. लाकडी हातोडीने हाणा. धातूला लाज नसते, हाणलं की बसतो."

कॅप्टननी हाणलं. कंस बसला. त्याच्याबरोबर कॅप्टनचा अंगठाही बसला, आणि तो सोडवायला कंस परत काढावा लागला.

"हे मी सांगणारच होतो," अनुभवी म्हणाले.

आता रिव्हेट. पत्रा आणि फासळी एकमेकांना कायमची जोडायची तर भोकातून छोटा खिळा घालायचा. एका बाजूने हवेच्या बंदुकीने त्याच्या डोक्यावर ठोकायचं, आणि त्याच वेळी पत्र्याच्या पाठीमागे दुसऱ्या कुणीतरी लोखंडी ठोकळा घट्ट धरायचा, म्हणजे खिळ्याचं शेपूट चेपून बसतं. मागे कोणी नसेल तर सगळा मार पत्र्याला. थोडक्यात, हे एकट्याचं काम नाही. 'जोडीदार हवा' असं पुस्तकात स्पष्ट छापलं होतं.

पहिले जोडीदार अर्थातच अनुभवी. पण ठोकळा धरायचा तर गप्प बसावं लागतं, आणि त्यांना एका वेळी एकच जमायचं. पहिल्याच रिव्हेटला ते टाकीची हकिकत सांगू लागले, हात हलवल्याशिवाय टाकी उडालेली दाखवता येईना, आणि ठोकळा त्यांच्या पायावर पडला. ते लंगडत घरी गेले ते, "वजन तपासून घ्या त्याचं, लिहिलंय त्यापेक्षा जास्त आहे," असं म्हणतच गेले.

कॅप्टीणबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पदर खोचला. "द्या इकडे."

"अगं, जड आहे."

"भरलेला गॅस सिलिंडर सरकवायला कोण येतं रोज? द्या."

सुकाणूचा उभा पत्रा लाकडी चौकटीत अडकवलेला. अलीकडे बंदूक घेऊन कॅप्टन, पलीकडे ठोकळा घेऊन कॅप्टीणबाई. एकमेकांचे चेहरे दिसत नाहीत. कानात बोळे. मग खूण ठरली: त्या तयार झाल्या की ठोकळ्याने पत्र्यावर हलकेच दोनदा वाजवणार, ठक ठक, आणि मगच हे मारणार. पहिला रिव्हेट बसला. कॅप्टीणबाईंनी तो डोळ्याजवळ नेऊन पाहिला, बोटाने दाबला. "हा बरा झालाय. पुढचा." दुसऱ्याला म्हणाल्या, "हा वाकडा आहे, काढा." वाकडा होता. त्यांचा हात दगडासारखा स्थिर, आणि कान असा की नुसत्या आवाजावरून सांगत, "हा पोकळ वाजला." हळूहळू त्यांना त्यात गोडी लागली. दुपारची कामं आटोपून त्या आपणहून खोलीत यायच्या. कॅप्टनना वाटायचं, आपल्या संसारात एवढं कमी बोलून एवढं काम कधीच झालं नव्हतं. आणि एकमेकांना विचारल्याशिवाय, तयार आहेस का हे पाहिल्याशिवाय, एकही गोष्ट करायची नाही, असंही कधी घडलं नव्हतं. हे सगळं त्यांनी मनातच ठेवलं. पत्र्याच्या आडून असलं काही बोलायची सोय नव्हती.

मग तो प्रसंग झाला. सुकाणूची शेवटची ओळ चालली होती. तेवढ्यात कॅप्टीणबाईंना आठवलं की गॅसवर दूध आहे. "आलेच," म्हणून त्या धावल्या. कॅप्टनच्या कानात बोळे, ठोकण्यापलीकडे काही ऐकू येत नव्हतं. त्याच वेळी भिंतीपलीकडे अनुभवींच्या पत्नीची वामकुक्षी या खडखडाटाने मोडली आणि तिने नवऱ्याला सांगितलं, "भिंतीवर वाजवा जरा, कळू द्या त्यांना." अनुभवींनी वाजवलं. सभ्यपणे, दोनदाच.

ठक ठक.

कॅप्टननी बंदूक चालवली.

मागे कोणीच नव्हतं. पत्रा 'डम्' म्हणाला आणि नव्याकोऱ्या सुकाणूच्या गालावर एक सुबक खळी पडली. कॅप्टीणबाई दुधाचं भांडं हातात घेऊन परत आल्या. त्यांनी खळीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं. कॅप्टननी बोळे काढले.

"कोणाला विचारून मारलंत?"

"तू वाजवलंस ना!"

"मी दुधाशी होते."

इतक्यात पलीकडून पुन्हा सभ्यपणे ठक ठक झालं. कॅप्टननी बंदूक खाली ठेवली आणि त्या भिंतीकडे असं पाहिलं की आखूड मीटरपट्टीच्या मालकाकडेही त्यांनी कधी पाहिलं नसेल.

तपासणीला माणूस बोलवायचा तर आधी परवानगीच्या कार्यालयात विमानाची नोंद हवी. कॅप्टन स्वतः सरकारी नोकर. खिडकीपलीकडच्या माणसाशी आपण बंधुभावाने बोलू असं त्यांना वाटलं होतं. पण खिडकीपलीकडचा माणूस खिडकीपलीकडचाच होता.

"वाहन की यंत्र?"

"विमान."

"ते आमच्याकडे नाही. वाहन की यंत्र?"

"वाहन म्हणा."

"चाकं किती?"

"तीन. म्हणजे होतील, सध्या..."

"तीनचाकी समोरच्या खिडकीत."

समोरच्या खिडकीत प्रवासी किती, भाडं कोणत्या रस्त्यावर मारणार, आणि मागच्या बाजूला गाडीचा क्रमांक ठळक रंगवला आहे का, असं विचारलं. कॅप्टन म्हणाले, मागची बाजू तेवढीच तयार आहे. त्यावर खिडकीतला माणूस पहिल्यांदा मान वर करून म्हणाला, "मग पुढची बाजू घेऊन या." कॅप्टन त्या दिवशी शेपूट घालून घरी आले. पण ते पुन्हा गेले, आणि पुन्हा गेले, आणि शेवटी त्यांना चुकवण्यासाठी का होईना, खिडक्यांनी आपसात ठरवून त्यांना एक क्रमांक दिला.

आणि मग निरीक्षकबाई आल्या.

तपासणीच्या सकाळी कॅप्टननी दाढी दोनदा केली. शेपटी पूर्ण उभी होती: उभं सुकाणू, आडवी दोन पाती, बिजागऱ्या, सगळं त्या निळ्या झिल्लीत चमकत. खळीवर त्यांनी हात ठेवून उभं राहायची रंगीत तालीमही केली होती. एक निरीक्षक दुसऱ्या निरीक्षकाशी कसा बोलतो, त्याची चार वाक्यं पाठ होती.

बाई लेकीपेक्षा थोड्याच मोठ्या असतील. खांद्याला पिशवी, हातात टॉर्च, आणि दातांच्या डॉक्टरकडे असतो तसला दांडीवरचा छोटा आरसा. "बसा ना," म्हटल्यावर त्या सोफ्यावर बसल्या. सोफा बोलला. बाई हळूहळू पुढे घसरल्या आणि उभ्याच राहिल्या. "आधी काम करू," म्हणाल्या.

त्यांनी आरसा फासळ्यांच्या आत घातला, टॉर्च मारला.  खळी त्यांना दिसली. "हे काय?" "शेजारी," कॅप्टन म्हणाले. "असू दे, शोभेचा प्रश्न आहे," बाई म्हणाल्या आणि पुढे सरकल्या. रिव्हेटांच्या ओळीवरून बोट फिरवत त्यांनी विचारलं, "मागून कोणी धरलं होतं?"

"हिने."

"हात चांगला आहे तुमचा, काकू."

कॅप्टीणबाई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातातले कप किणकिणले. कॅप्टनची छाती फुगली. पंखांच्या खोक्याला केवढी जागा लागेल, हे ते मनात मोजायला लागले होते.

तेवढ्यात बाईंनी दोन पत्र्यांच्या फटीत नख घातलं आणि ओढलं. फटीतून निळी जीभ बाहेर आली.

"हे काय आहे?"

"कव्हर, मॅडम," कॅप्टन वाकून म्हणाले.

"आत?"

"सगळीकडेच आहे. ओरखडे पडू नयेत म्हणून. शेवटी काढणार होतो, एकदम."

बाईंनी टॉर्च बंद केला. "सर, हे दोन पत्र्यांच्या मध्ये आहे. रिव्हेटच्या डोक्याखाली आहे. शेवटी काढणार कसं?"

कॅप्टननी ती निळी जीभ ओढून पाहिली. ती जागची हलली नाही.

"मध्ये प्लास्टिक असलं की धातू धातूला भिडत नाही," बाई समजावू लागल्या. "आज घट्ट वाटतं. वर गेल्यावर थरथरीने एकेक रिव्हेट सैल होईल. ओल अडकून आतून खराब होईल ते वेगळंच. हे पत्रे जोडलेलेच नाहीत, सर. शेजारी शेजारी ठेवलेत नुसते."

कॅप्टनच्या डोळ्यांपुढे मायक्रोमीटर आला. केसभर जास्त. दोन्ही बाजूंची झिल्ली, म्हणजे बरोबर केसभर. जास्त माप देणारा जगातला एकुलता एक व्यापारी त्या क्षणी हातचा गेला.

"पहिल्याच पानावर लिहिलेलं असतं, आधी हे काढा म्हणून," बाई म्हणाल्या. "घरात कुणालाच वाटलं नाही का, की काढावं?"

कॅप्टीणबाईंचे कप किणकिणायचे थांबले.

कॅप्टननी त्यांच्याकडे पाहिलं नाही. घसा साफ केला. "माझीच चूक. ही तर पहिल्या दिवसापासून म्हणत होती, काढा, काढा. मीच ऐकलं नाही."

माणसाची अख्खी नोकरी वजनमापांत गेली. पण खोटं माप त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा दिलं.

बाईंनी दारातून बाहेर, बैठकीतल्या पिशवीबंद रिमोटकडे पाहिलं. चांदणीवाल्या फ्रिजकडे पाहिलं, धूसर घड्याळाकडे पाहिलं, सोफ्याकडे तर दोनदा पाहिलं. "हो, दिसतंय," त्या म्हणाल्या. मग पिशवी खांद्याला लावली आणि फार हळू, अगदी कॅप्टन म्हणत तसंच, म्हणाल्या, "नापास."

ओरडून म्हटलं असतं तर कॅप्टननी मनावर घेतलं नसतं.

त्यांनी माळ्यावरून खोकं काढलं. या घरात खोकी टाकून देत नसत. ते खोक्याचा तळ सरळ करत होते, तेव्हा खिडकीतून फाटकाजवळचं बोलणं ऐकू आलं.

"अहो मॅडम, थांबा जरा. ते खिळे काढता येतात का?"

"येतात. ड्रिलने, एकेक करून, भोक मोठं होऊ न देता. पण फार कंटाळवाणं काम आहे, काकू."

"कंटाळ्याचं मला नका सांगू. पुन्हा कधी याल?"

"तुम्ही कळवा, मी येईन. आणि वाईट वाटून घेऊ नका. वर गेल्यावर कळण्यापेक्षा इथे कळलं."

"म्हणजे जिवावरचं शेपटावर निभावलं म्हणायचं," कॅप्टीणबाई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

त्या आत आल्या तेव्हा कॅप्टन खोक्यात उभे होते.

"बाहेर या त्यातून."

"अगं, पण आपलं ठरलं होतं. नापास झाली तर..."

"शेपटी कुठे नापास झाली? प्लास्टिक नापास झालं. शेपटीची तर अजून परीक्षाच झाली नाही." त्यांनी खोकं पायाने पलंगाखाली सारलं, कॅप्टन वेळेवर बाहेर पडले म्हणून बरं. "आणि पुन्हा असं खोटं बोलू नका. शोभत नाही तुम्हाला. त्या कापडवाल्यासारखे दिसत होतात."

"कुठल्या?"

"ज्याची पट्टी आखूड होती." आणि मग, जरा थांबून, "ड्रिल कुठाय?"

पुढचे कित्येक दिवस त्या घरातून वेगळेच आवाज येत राहिले. ड्रिलची गुरगुर, मग टिचकी, मग प्लास्टिक ओढल्याचं लांबलचक चर्र. ज्याने कधी नव्या वस्तूचं प्लास्टिक एका दमात सोललं असेल त्यालाच हा आवाज कळेल. कॅप्टीणबाईंनी तर आयुष्यात कधीच सोललं नव्हतं. पहिला पत्रा त्यांनी श्वास रोखून सोलला. आतून निघालेला धातू इतका लख्ख होता की त्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला, आणि केसातला ॲल्युमिनियमचा कीसही. दुसरा पत्रा जरा भरभर झाला. तिसऱ्यापासून त्यांच्या हाताला चटक लागली.

एका दुपारी कॅप्टन पाणी घ्यायला गेले तर फ्रिज ओळखू येईना. तो लाल होता. एवढे दिवस ते त्याला गुलाबी समजत आले होते. दुसऱ्या दिवशी घड्याळात वेळ स्पष्ट दिसायला लागली आणि कॅप्टनना कळलं की आपण ऑफिसला रोज जरा उशिराच जातो. मग रिमोट. मग एका सकाळी दोघांनी मिळून सोफा सोलला. आत गर्द हिरवं कापड होतं, बारीक पानांचं. दोघंही बघत राहिले.

"हा मीच पसंत केला होता," कॅप्टन म्हणाले. "दुकानात तू भांडली होतीस, फिका घेऊ म्हणून."

"चांगला आहे की," कॅप्टीणबाई म्हणाल्या. "तेव्हा बोलला नाहीत नीट."

अनुभवी आले, बसले, घसरले नाहीत आणि घाबरले. "नवा घेतलात?" नाही म्हटल्यावर त्यांना फार वाईट वाटलं. "माझा अनुभव सांगतो, वहिनी, आता हा खराब होणार." मग सुकाणूच्या खळीवर हात फिरवून, दारात उभ्या असलेल्या आपल्या बायकोला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "तसा या विमानात आमचाही हात आहे."

शेपटी नव्याने जोडताना फासळ्या कण्यावर अशा बसल्या, जणू वाटच बघत होत्या. हातोडी लागली नाही. कॅप्टननी जाडी मोजली. तंतोतंत. त्यांनी कंपनीला फोन केला.

"तुमचं माप बरोबर आहे," ते म्हणाले. "मागचे शब्द मी परत घेतो."

"सर," ती मुलगी म्हणाली, "ही तक्रार आहे का?"

निरीक्षकबाई पुन्हा आल्या तेव्हा सोफ्यावर नीट बसल्या. चहा काचेच्या कपाटातल्या कपांत आला. कॅप्टीणबाईंनी कपाच्या बुडाची स्टिकरं सकाळीच गरम पाण्याने काढली होती. मग आरसा, टॉर्च, नख. नख सगळीकडे फिरलं आणि कुठेच शिरलं नाही. बाईंनी पिशवीतून शिक्का काढला, त्यावर फुंकर मारली आणि टेबलावरच्या कागदावर उमटवला.

"पास."

"काय म्हणालात?" कॅप्टननी विचारलं. त्यांना ऐकू आलं होतं.

"पास, सर!" बाई मोठ्याने म्हणाल्या, आणि भिंतीपलीकडून कोणीतरी टाळी वाजवली.

कॅप्टननी कागद उचलून उजेडात धरला. शिक्का थोडा तिरका पडला होता. दुसऱ्या कुणाचा असता तर त्यांनी बोलून दाखवलं असतं. ते नुसते बघत राहिले, चष्म्यावरून, मग चष्म्यातून, मग चष्मा काढून.

पंखांचं खोकं आलं ते एवढं लांब, की ते लेकीच्या खोलीत सुरू होऊन बैठकीच्या खोलीत संपलं. गल्ली पुन्हा फाटकांत उभी होती. इस्त्रीवाला दुकान सोडून आला होता. झाकण निघालं आणि आत निळ्या झिल्लीतले लांबच लांब पत्रे लखलखले.

"वहिनी," अनुभवी पुढे सरसावले, "माझा अनुभव सांगतो, हे एवढं मात्र काढू नका. एवढा सुंदर पत्रा, ओरखडे पडतील!"

"पडू देत, भाऊजी," कॅप्टीणबाई म्हणाल्या. "वापरायचंय ते."

त्या पत्र्याच्या त्या टोकाला जाऊन बसल्या, कॅप्टन या टोकाला. मध्ये उभं टेकवलेलं खोक्याचं पुठ्ठ्याचं झाकण. एकमेकांचे चेहरे दिसेनात. दोघांनी आपापला कोपरा नखाने उचलला. पलीकडून आवाज आला. ठक ठक.

कॅप्टननी या वेळी आधी वाकून पाहिलं, वाजवणारं कोण आहे ते. तीच होती.

मग दोघांनी एकदम ओढलं.